रकाने कोण आखतं?

(स्त्री-आरोग्यावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आजच्या अभ्यासवर्गासाठी मी ‘आरोग्य माहितीशास्त्राची पदवी’ हा विषय सुचवला, तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्त्या म्हणाल्या, “हे तर करिअर मार्गदर्शन झालं. बारावीच्या मुलींना सांग. आम्हाला कशाला?” त्यांचा प्रश्न रास्त आहे. मुलींना तर सांगायचंच आहे. पण त्याआधी आपण आपापसात बोलायला हवं, असं मला वाटतं. गेली चाळीस-पन्नास वर्षं आपण दवाखान्याशी, पोलिसांशी, कोर्टाशी ज्या एका गोष्टीवरून सतत भांडत आलो, ती गोष्ट म्हणजे नोंद. बाई कशाने मेली, ते कुणी लिहिलं, काय लिहिलं, कुठल्या रकान्यात लिहिलं? आता या नोंदीचंच एक शास्त्र झालं आहे आणि त्याची पदवी मिळते. ती पदवी घेतलेली माणसं उद्या आपल्यासाठी रकाने आखणार आहेत. ती माणसं कोण असावीत, हा आपला प्रश्न आहे.

हे शास्त्र आहे तरी काय?

इंग्रजीत याला ‘हेल्थ इन्फर्मेटिक्स’ म्हणतात. आपण आरोग्य माहितीशास्त्र म्हणू. दवाखान्याच्या खिडकीवर केस पेपर निघतो तिथपासून देशाचा आकडा दिल्लीत जाहीर होतो तिथपर्यंत माहिती जो प्रवास करते, त्या सगळ्याचा हा अभ्यास. पदवीला साधारणपणे शरीररचना, वैद्यकीय परिभाषा, रुग्णांच्या नोंदी ठेवण्याच्या पद्धती, आजारांना संकेतांक देणं म्हणजे कोडिंग, सांख्यिकी, साथरोगशास्त्र, संगणकावरची माहिती-व्यवस्था आणि गोपनीयतेचे कायदे असे विषय असतात. शिवाय रुग्णालयात प्रत्यक्ष काम करावं लागतं.

आपल्याकडे हे काम पूर्वी ‘रेकॉर्ड रूम’मध्ये चालायचं, आणि तिथे कोण बसतं याकडे कुणाचं लक्ष नसायचं. आता चित्र बदललं आहे. २०२१ साली केंद्राने सहायक आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात ज्या दहा गटांना मान्यता मिळाली, त्यांतला एक गट आरोग्य माहिती व्यवस्थापन आणि माहितीशास्त्राचा आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये अशा दहा व्यवसायांचे देशपातळीवरचे अभ्यासक्रम जाहीर झाले, त्यांत आरोग्य माहिती व्यवस्थापनही आहे. याच २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं आणि माणसागणिक चौदा आकडी ‘आभा’ क्रमांक देणं सुरू झालं. म्हणजे आपल्या शरीराचा हिशेब कागदावरून संगणकावर जातो आहे.

हे संगणकाचं काम आहे म्हणजे पुरुषांचं काम आहे, असं कुणाला वाटत असेल तर तिला फ्लॉरेन्स नाइटिंगेल आठवायला सांगा. दिवा घेऊन फिरणारी परिचारिका एवढीच त्यांची ओळख आपल्याला शाळेत झाली. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा घाणीमुळे होणाऱ्या रोगांनी जास्त मेले, हे १८५८ साली त्यांनी रंगीत आकृत्या काढून सिद्ध केलं. लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री सदस्य. सगळ्या रुग्णालयांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात, हा आग्रह त्यांनी १८६० मध्येच धरला होता. हे शास्त्र मुळात एका नर्सच्या वहीतून पुढे आलेलं आहे.

‘स्टोव्हचा भडका’ कुठे लिहायचा?

आता आपल्या ओळखीचं उदाहरण घेऊ. जळालेल्या बायका. १९८० च्या दशकात आपल्या आधीच्या पिढीने ज्यासाठी मोर्चे काढले, तो विषय.

मी काही वर्षं रुग्णालयात समाजसेविका म्हणून काम केलं. जळीत कक्षात बाई आली की सोबत बहुतेक वेळा सासरची माणसं असत. केस पेपरवर पहिली ओळ यायची : ‘स्टोव्हचा भडका उडून भाजली.’ ही ओळ कुणाच्या तोंडची? बाईच्या, नवऱ्याच्या, की सासूच्या? ते लिहायला जागाच नसायची. पुढे ती गेली की कागद रेकॉर्ड रूममध्ये जायचा आणि तिथे त्या मरणाला संकेतांक मिळायचा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोग-वर्गीकरणाची दहावी आवृत्ती १९९० साली मान्य झाली. अकरावी २०२२ पासून लागू आहे, पण कामकाजात दहावीचा वापर अजून मोठ्या प्रमाणावर होतो. या दहाव्या आवृत्तीत आगीने भाजण्यासाठी वेगवेगळे संकेतांक आहेत. अपघात असेल तर ‘एक्स शून्य शून्य ते एक्स शून्य नऊ’. स्वतःला जाळून घेतलं असेल तर ‘एक्स ७६’. दुसऱ्याने जाळलं असेल तर ‘एक्स ९७’. आणि हेतू ठरवता आला नसेल तर ‘वाय २६’. म्हणजे वर्गीकरणात हत्येला जागा आहे, आत्महत्येला आहे, संशयालाही आहे. पण कागदावर ‘भडका’ लिहिलेलं असेल तर संकेतांक अपघाताचाच पडणार, कारण कोडिंग करणाऱ्याने मनाने काही लिहायचं नसतं. हजार बायकांचे हजार कागद असे गेले, की वर अहवालात स्वयंपाकघरातले अपघात वाढलेले दिसतात आणि उपाय म्हणून सुरक्षित स्टोव्ह सुचवला जातो.

२००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. त्याच्या अंदाजानुसार २००१ या एका वर्षात भारतात आगीने सुमारे १ लाख ६३ हजार मृत्यू झाले. पोलिसांच्या नोंदीच्या हे सहा पट होते. त्यांत १ लाख ६ हजार स्त्रिया होत्या, आणि त्याही बहुतेक १५ ते ३४ वयाच्या. स्वयंपाक तर साठीच्या बायकाही करतात. मग भडका नव्या सुनेच्याच अंगावर का उडतो? हा प्रश्न आपण घोषणांतून विचारत होतो. तो आकड्यांतून विचारायला वय, लिंग आणि कारण एकत्र मांडणारं माणूस लागलं.

आता विचार करा. त्या रेकॉर्ड रूममध्ये आपल्या वस्तीतली एक मुलगी पदवी घेऊन बसली आहे. तिला मनाने संकेतांक बदलता येणार नाही, बदलूही नये. पण कागद अपुरा असेल तर डॉक्टरांकडे लेखी विचारणा करायची, ही तिच्या व्यवसायातली रीतच आहे. ‘माहिती कुणी सांगितली, रुग्ण शुद्धीवर होती का, तिच्याशी एकटीशी कुणी बोललं का?’ एवढे तीन प्रश्न ती विचारू शकते. नमुना बदलायची बैठक होईल तेव्हा तिथे ती हे तीन रकाने मागू शकते. मुंबईत सेहत ही संस्था आणि महानगरपालिका यांनी मिळून वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, त्याला आता दोन दशकं उलटून गेली. हिंसेबद्दल विचारणं आणि ते नीट लिहिणं हे दवाखान्याचंच काम आहे, हे त्या केंद्राने दाखवून दिलं.

आकडे होते, बेरीज नव्हती

दुसरं उदाहरण बीडचं. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या. कोयत्याचं काम म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल घेतलेली, खाडा झाला तर दंड. पाळी आली, अंगावरून पांढरं गेलं, कंबर दुखली, की डॉक्टर म्हणायचे पिशवी काढून टाका. सरकारने समिती नेमली, नीलम गोऱ्हे तिच्या अध्यक्ष होत्या. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे जवळजवळ दर सहा जणींत एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. दोन्ही पाहण्यांची रीत वेगळी आहे हे धरूनसुद्धा फरक डोळ्यांत भरतो.

यातली एकही शस्त्रक्रिया चोरून झालेली नव्हती. प्रत्येक दवाखान्यात ऑपरेशनचं रजिस्टर असतं. त्यात नाव असतं, वय असतं, तारीख असते. बाईचा व्यवसाय आणि पिशवी काढण्याचं कारण या दोन गोष्टी वयाशेजारी नीट लिहिल्या असत्या आणि वर्षाकाठी जिल्ह्याची बेरीज कुणी केली असती, तर तिशीतल्या एवढ्या कामकरी बायका ओळीने दिसल्या असत्या. बातमीची वाट पाहावी लागली नसती.

त्यानंतर २०२२ मध्ये केंद्राने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. त्यात जिल्हा पातळीवर देखरेख समित्या आहेत. तुमच्या जिल्ह्यातली समिती बसते का, तिच्यापुढे कोणते आकडे येतात, ते कोण तयार करतं, हे जाऊन विचारा. समिती कागदावर असेल तर तोही आपल्यासाठी पुरावाच आहे.

काही रकाने पुसायचेही असतात

मी नोंदीची एवढी बाजू घेते म्हणजे प्रत्येक नोंद बायकांच्या भल्याची असते असं मात्र समजू नका. बलात्काराच्या तपासणीच्या नमुन्यात वर्षानुवर्षं ‘दोन बोटांच्या चाचणी’चा रकाना होता. डॉक्टर तो भरत, वकील त्यावरून बाईला ‘सरावलेली’ ठरवत. तो रकाना काढायला चळवळीला वर्षं लागली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी स्त्रीच्या हक्कांचा भंग करणारी ठरवली, २०१४ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने नवे नमुने काढले, आणि तरीही २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा तेच बजावावं लागलं.

दुसरा पेच त्याहून अवघड. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३ झाल्या, २०११ मध्ये ८९४. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा आपल्याच राज्याने १९८८ मध्ये केला होता. तरी ही घसरण झाली. मग सोनोग्राफीचा ‘एफ फॉर्म’ ऑनलाइन भरायचा, यंत्राला ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचं उपकरण बसवायचं, असे उपाय कोल्हापुरात झाले आणि २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरले. डॉक्टरांवर वचक हवा याबद्दल आपल्यात मतभेद नव्हते. पण प्रत्येक गरोदर बाईवर पाळत ठेवायची म्हटल्यावर आपल्यातच दोन मतं पडली, आणि ती पडायलाच हवी होती. पाळत डॉक्टरावर आहे की बाईवर? जी बाई कायद्याने दिलेला गर्भपाताचा हक्क वापरते, तिचं नाव किती जणांच्या पडद्यावर जातं? गर्भपात केलेल्या स्त्रीचं नाव उघड करू नये, हे २०२१ च्या दुरुस्तीने वैद्यकीय गर्भपाताच्या कायद्यात स्पष्ट घातलं आहे. पण कायद्यातलं कलम संगणकात आपोआप उतरत नाही. कोणत्या पदावरच्या माणसाला कोणता रकाना दिसेल, हे कुणीतरी बसून ठरवावं लागतं. त्यालाच या शास्त्रात प्रवेशाधिकार ठरवणं म्हणतात. ते ठरवणाऱ्याला गावातली आशाताई आणि त्या बाईची सासू एकाच गल्लीत राहतात, हे माहीत असायला हवं.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एकाला कित्येक दिवस पुन्हा कागदावर काम करावं लागलं. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले. हे सगळं वकिलांवर सोडून चालणार नाही.

यंत्राला बाईचं दुखणं दिसेल का?

आता रोगाचा अंदाज बांधणारी संगणक-प्रणाली, कृत्रिम बुद्धिमत्ता वगैरे येऊ लागली आहे. अमेरिकेतलं एक उदाहरण सांगते. कोणत्या रुग्णाला जास्त मदत लागेल हे ठरवणारी एक प्रणाली तिथे वापरात होती. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने दाखवलं, की ती प्रणाली आजार मोजण्यासाठी झालेला खर्च धरत होती. कृष्णवर्णीयांवर तेवढ्याच आजाराला कमी खर्च होत असे, म्हणून यंत्राने त्यांना जास्त निरोगी ठरवलं. त्या हिशेबात वंशाचा रकाना घातलेलाच नव्हता, तरी भेदभाव झाला.

हे आपल्या घरांना लावून पाहा. घरात औषधाचा पैसा आधी कुणावर खर्च होतो? १९८९ मध्ये डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतला अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापला. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. दवाखान्याच्या कागदावरून आजार मोजणारं यंत्र त्या दोन गावांत नेलं असतं तर त्याने काय सांगितलं असतं? गावातल्या बायका ठणठणीत आहेत. न आलेल्या बाईचा केस पेपर निघत नाही, हे यंत्र बनवणाऱ्याला कळायला त्याने कधीतरी गावात पायी फिरलेलं असावं लागतं.

मुलींना काय सांगायचं?

वस्तीतल्या मुली विचारतात, “ताई, मला नर्सिंगला नंबर लागला नाही, मी काय करू?” या मुलींपुढे हा एक रस्ता ठेवायला हरकत नाही. पण डोळे उघडे ठेवून.

पहिली गोष्ट, संस्था नीट पारखा. अभ्यासक्रमाला कोणत्या विद्यापीठाची मान्यता आहे? प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात आणि किती महिने? शिकवणारे कोण? गेल्या तुकडीच्या मुली आज कुठे आहेत, त्यांतल्या दोघींशी बोलता येईल का? बारावीला कोणते विषय लागतात? ही उत्तरं लेखी मागा. काही ठिकाणी चार महिन्यांचा कोडिंगचा क्लास पदवीच्या नावाने विकला जातो.

दुसरी, पैशाची. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांचं पूर्ण शुल्क माफ केलं आहे. ते केंद्रीभूत प्रवेशातून जाणाऱ्या अभ्यासक्रमांना आहे. हा अभ्यासक्रम त्यात बसतो का, हे त्या त्या महाविद्यालयात प्रवेशाआधी विचारलंच पाहिजे.

तिसरी, नोकरीची. या क्षेत्रातल्या पुष्कळ नोकऱ्या परदेशी, मुख्यतः अमेरिकी विमा-व्यवहारासाठी कोडिंग करण्याच्या आहेत. दिवसाला इतके कागद, असं लक्ष्य असतं, काही ठिकाणी रात्रपाळी. पगार हातात येतो आणि मुलीचं घरातलं वजन वाढतं, त्याला मी कमी लेखत नाही. पण तेवढ्यावर थांबलं तर ती परक्या देशातल्या कंपनीचे रकाने भरत बसेल. सरकारी रुग्णालयं, महानगरपालिका, राष्ट्रीय आरोग्य अभियान, संशोधन संस्था इथे या पदवीची पदं कायमस्वरूपी निर्माण व्हावीत, ही मागणी आपली आहे.

चौथी, इंग्रजीची आणि गणिताची भीती. भाषेची भिंत खरी आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडीसेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले, ते आठवा. फोन निकृष्ट होते आणि पोषण ट्रॅकरमध्ये माहिती इंग्रजीत भरायची होती. “सेविकांना तंत्रज्ञान जमत नाही,” असं तेव्हा म्हटलं गेलं. वर्षानुवर्षं डझनभर रजिस्टरं हाताने भरणाऱ्या बाईला माहिती जमत नाही, हे कसं म्हणता येईल? ज्यांनी ते ॲप बनवलं त्यांना अंगणवाडी जमली नव्हती. आपल्या मुलींना तीन महिने इंग्रजी आणि टक्केवारी-सरासरीची तयारी करून दिली तर त्या मागे पडत नाहीत, हा आमच्या अभ्यासिकेचा अनुभव आहे.

आपण काय करायचं?

चार कामं सुचवते. एक, आपापल्या तालुक्यात या वर्षी बारावी होणाऱ्या मुलींची एक बैठक घ्या, आयांसकट. तीन-चार वर्षांत लग्नाचा विषय निघणार आहे, तो आधीच बोलून घ्या. दोन, जवळच्या महाविद्यालयात हा अभ्यासक्रम असेल तर प्राध्यापकांना भेटा आणि जळीत, बाळंतपणातले मृत्यू, हिंसा या विषयांवर एक तास आपल्या कार्यकर्तीला द्या म्हणा. मुलींना महिनाभर आपल्या संस्थेत प्रत्यक्ष कामाला पाठवा म्हणा. तीन, आशा आणि अंगणवाडी ताईंबरोबर बसून त्या भरतात तो प्रत्येक नमुना वाचा. कोणता रकाना कमी आहे, कोणता नको आहे, याची यादी करून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना द्या. चार, ‘आभा’ क्रमांक ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून कुणाला उपचार नाकारले तर ती तक्रार लिहून ठेवा, तारखेसकट.

आपल्यापैकी बहुतेकींनी मोर्चात चालत, पोलीस ठाण्याच्या बाकावर बसत हे शिकलं. पुढच्या मुली ते वर्गात शिकतील. त्यांनी आपल्याला विचारायला यावं एवढी त्यांच्या कॉलेजात आपली ये-जा असू द्या. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या दवाखान्यातला एक कोरा नमुना घेऊन या. कुणा रुग्णाचा भरलेला आणू नका, कोराच आणा. आपण तो रकान्यागणिक वाचू.